नऊ महिने, सात दिवस आणि काही मिलिमीटर

"शेवटची पाळी कधी आली होती?" गरोदर बाई खेड्यातल्या उपकेंद्रात नर्सबाईंपुढे बसलेली असो की शहरातल्या मोठ्या रुग्णालयात, तिला विचारला जाणारा पहिला प्रश्न हाच असतो. तिने सांगितलेला दिवस कार्डावरच्या एका रकान्यात लिहिला जातो आणि लगेच शेजारच्या रकान्यात दुसरा दिवस लिहिला जातो: बाळंतपणाची अपेक्षित तारीख. घरात तिला नुसते 'तारीख' म्हणतात. 'डॉक्टरांनी तारीख दिली' एवढे म्हटले, की कसली तारीख हे कोणी विचारत नाही.

पुढची सगळी आखणी या तारखेवरून होते. डोहाळजेवण कधी करायचे, पहिलटकरणीला माहेरी कधी आणायचे, कोणत्या रुग्णालयात नाव घालायचे, सगळे हिच्यावरून. नोकरदार बाईची रजाही हिच्याशीच बांधलेली आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. लेक न्यू जर्सीत असेल, तर बाळंतपण करायला निघालेल्या आईचा व्हिसा आणि तिकीट हिच्यावरूनच ठरते, कारण पाहुणी म्हणून गेलेल्या आईला एका खेपेला साधारण सहा महिनेच तिथे राहता येते. ऊसतोडीला निघालेल्या बीडच्या जोडप्यापुढचा प्रश्न याहून अवघड. तारीख गाळपाच्या हंगामात पडते की हंगाम उलटल्यावर, यावर बाळंतपण गावात होणार की फडाजवळच्या कोपीत, हे अवलंबून असते.

इतके सारे जिच्या भरवशावर उभे असते, त्या तारखेला प्रत्यक्षात शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे जन्माला येतात.

मग ती काढायची कशाला? या पुस्तकाचा सारा रोख या प्रश्नावर आहे. अपेक्षित तारीख म्हणजे बाळाच्या वयाचीच एक नोंद. आज गर्भ किती आठवड्यांचा आहे हे कळले, तर ४० आठवडे कधी भरतील ते आपोआप कळते. आणि ४० आठवडे कधी भरणार हे माहीत असेल, तर मधल्या कोणत्याही दिवशी बाळाचे वय सांगता येते. कोणती तपासणी केव्हा करायची, बाळाची वाढ नीट होते आहे का, कळा लवकर सुरू झाल्या तर थांबवायच्या की नाही, दिवस वर गेले तर वाट किती पाहायची, या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी ते वय असते. आणि हे वय पहिल्या तीन महिन्यांत जितके नेमके कळते तितके पुढे कधीच कळत नाही.

आठवड्यांची मोजणी पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. गर्भधारणा मात्र त्या दिवशी झालेली नसते. २८ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीच्या बीजकोशातून बीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडते, म्हणजे गर्भ राहतो त्या दिवशीच कार्डाच्या हिशेबाने दोन आठवडे झालेले असतात. हा हिशेब समजावून सांगितला नाही, तर घरात काय घडू शकते पाहा. समजा, एका मुलीचे लग्न २ मे रोजी झाले. तिची शेवटची पाळी २२ एप्रिलला आली होती. पाळी चुकली, चाचणी झाली, आणि ३ जूनच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर छापून आले, 'सहा आठवडे'. लग्नाला महिना झालेला, आणि गर्भ दीड महिन्याचा! सासूच्या कपाळाला आठी पडते, नवरा गप्प होतो आणि मुलीला कसला खुलासा करायचा तेच उमगत नाही. खरे तर रिपोर्ट अगदी बरोबर आहे. २२ एप्रिल ते ३ जून हे ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे. बीज बाहेर पडले ते ६ मेच्या सुमारास, लग्नानंतर. अनेक डॉक्टरांना हा खुलासा नवराबायकोला समोर बसवून करावा लागतो. तो रिपोर्टच्या खाली दोन ओळींत छापला, तरी कितीतरी मुलींचा मनस्ताप वाचेल.

पाळीवरून तारीख काढण्याच्या नियमाला जर्मनीतल्या फ्रान्झ कार्ल नेगेले यांचे नाव आहे. हायडेलबर्गला प्रसूतिशास्त्र शिकवणाऱ्या नेगेलेंचे सुईणींसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक १८३० साली निघाले, आणि नियमाचा प्रसार त्यातून झाला. मूळ निरीक्षण त्याहून शंभरेक वर्षे जुने, हॉलंडमधल्या लायडनचे नामांकित वैद्य हर्मन बूरहाव यांचे. नियम तोंडी करता येण्याजोगा आहे: पाळीच्या तारखेतून तीन महिने मागे जायचे, सात दिवस मिळवायचे आणि साल पुढचे धरायचे. दुसऱ्या शब्दांत, नऊ महिने आणि सात दिवस. हे दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे की शेवटच्या, हे नेगेलेंनी स्पष्ट केले नव्हते. पहिला दिवस धरण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले जाणारे 'नऊ महिने नऊ दिवस' या हिशेबापासून दोनच दिवस दूर आहे.

पंचांगावर ताडून पाहिले तर हा काळ आणखी स्पष्ट होतो. एक चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून २८० दिवस म्हणजे जवळजवळ बरोबर साडेनऊ चांद्रमास. २०२४ सालचा गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. त्या दिवशी पाळी आली असे धरून २८० दिवस मोजले, तर १४ जानेवारी २०२५ हा दिवस येतो: पौष वद्य प्रतिपदा, आणि त्या वर्षीची मकरसंक्रांतही. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून पौष वद्य प्रतिपदेपर्यंत नऊ महिने आणि एक पंधरवडा. पण हीच तारीख नेगेलेंच्या नियमाने काढली तर १६ जानेवारी येते, आणि 'नऊ महिने नऊ दिवस' धरले तर १८ जानेवारी. इंग्रजी महिने कोणी २८, कोणी ३०, कोणी ३१ दिवसांचे, त्यामुळे नेगेलेंच्या नियमाने मिळणारा काळ महिन्यागणिक २८० ते २८३ दिवसांत हलत राहतो. दवाखान्यात वापरतात त्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांमध्येही दोन-तीन दिवसांचा फरक सापडतो. एकाच पाळीवरून तीन जण तीन तारखा सांगतात, तेव्हा त्यांत चुकलेला कोणी असेलच असे नाही.

जुन्या वैद्यांनी तर एक दिवस सांगण्याचा प्रयत्नच केला नव्हता. चरकसंहिता नवव्या महिन्यापासून दहाव्या महिन्यापर्यंतचा काळ प्रसूतीचा मानते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नवव्यापासून बाराव्यापर्यंतचे महिने येतात. बाराव्या महिन्याची वाट पाहणे आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाही, पण प्रसूतीला दिवस नसून काळ असतो, ही नोंद आजही खरी आहे.

पाळीच्या हिशेबातला कच्चा दुवा दुसरीकडे आहे. जपानचे क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे हर्मन क्नाउस यांनी १९२० च्या दशकात एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवून दिले, की बीज बाहेर पडण्याचा दिवस पुढच्या पाळीच्या आधी साधारण दोन आठवडे येतो. मागच्या पाळीपासूनचे अंतर मात्र बाईबाईत वेगळे. ज्या बाईची पाळी दर ३५ दिवसांनी येते, तिचे बीज चौदाव्या नव्हे तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते, म्हणून तिच्या तारखेत आठवडाभर मिळवावा लागतो. पीसीओएस असलेल्या मुलींची पाळी दोन-दोन महिने लांबते. त्यांच्या बाबतीत हा नियम जवळजवळ निकामी ठरतो. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्याच सोडलेल्या असतात तेव्हाही चक्र मागेपुढे झालेले असते. आणि बाळ अंगावर पीत असताना, पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस राहिलेले असतील, तर सांगायला पाळीची तारीखच नसते. कधी गर्भ रुजताना थोडे रक्त जाते आणि बाई तीच शेवटची पाळी समजते; अशा वेळी तारीख महिनाभराने पुढे सरकते.

शिवाय आठवणीचा प्रश्न आहेच. पाळीची तारीख लिहून ठेवणाऱ्या मुली मोबाइलमुळे वाढल्या आहेत, पण गावोगावच्या नर्सबाई आणि आशाताईंना आजही ती तारीख प्रश्न विचारून विचारून काढावी लागते. नागपंचमीच्या आधी की नंतर? पोळ्याला माहेरी होतीस, तेव्हा देवाचे करता आले होते का? घट बसले तेव्हा बाजूला बसली होतीस का? सण, एकादशी, आठवड्याचा बाजार, नात्यातले लग्न यांचा आधार घेत दिवस हाती येतो. त्यातही सावध राहावे लागते, कारण अनेक जणी पाळी आली तो दिवस न सांगता चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाल्या तो दिवस सांगतात. तिथेच तीन दिवस निसटतात. अनुभवी नर्सबाई म्हणून विचारतात, "पहिल्यांदा डाग दिसला तो वार कोणता?" वैद्यकीय इतिहास घेण्याचे इतके बारीक काम फार थोड्या ठिकाणी चालत असेल, आणि त्याचे श्रेय या बायांना क्वचितच मिळते.

सोनोग्राफी येण्याआधी पडताळा हातानेच घेतला जाई. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडावर बोटांना लागू लागते, विसाव्याला बेंबीपाशी पोचते आणि छत्तिसाव्याला छातीच्या हाडाखाली. पहिलटकरणीला बाळाची हालचाल अठरा ते वीस आठवड्यांत जाणवते, आधी बाळंतपण झालेलीला एक-दोन आठवडे अलीकडे. विसाव्या आठवड्यानंतर टेपने मोजलेली गर्भाशयाची सेंटिमीटरमधली उंची बरेच दिवस आठवड्यांच्या आकड्याशी जुळत राहते. जुळे असेल, गर्भपाणी जास्त असेल, गाठी असतील किंवा बाई अंगाने जाड असेल तर हे मोजमाप फसते. तरी वाढ खुंटल्याचा पहिला संशय अनेकदा या टेपमुळेच येतो, म्हणून ती टेप टाकून देण्याजोगी नाही.

पोटातल्या गर्भाचे थेट मोजमाप घेण्याची वाट ग्लासगोच्या एका कारखान्यातून निघाली. तिथले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांचा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना रडारशी परिचय झाला होता. धातूच्या जाड पत्र्यांमधल्या आतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधणारे यंत्र जवळच्या बॉयलरच्या कारखान्यात आहे हे कळल्यावर १९५५ साली ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी घेऊन तिथे गेले. घट्ट गाठ आणि पाण्याने भरलेली गाठ यंत्राच्या पडद्यावर वेगवेगळी दिसली. अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह त्यांनी केलेले काम १९५८ च्या जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. १९७३ साली ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी पहिल्या तिमाहीतल्या गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून वय काढता येते हे दाखवले. एका मोजमापातही चूक बहुतेक वेळा पाच दिवसांच्या आत राहत होती. ज्यांना पाळीची तारीख आठवत नव्हती, अशा बायांच्या बाळांचे वय पहिल्यांदाच भरवशाने सांगता येऊ लागले.

आजही तारीख ठरवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन हीच लांबी आहे. रिपोर्टवर ती 'सीआरएल' या तीन अक्षरांनी लिहिलेली असते. ती मोजताना सोनोग्राफीचे डॉक्टर गर्भाचे चित्र पडदा भरेल इतके मोठे करतात. गर्भ वाकलेला किंवा ताणलेला असेल तर तो सरळ सैलावेपर्यंत थांबतात, कधी बाईला कुशीवर वळायला किंवा खोकायला सांगतात. मग एक खूण डोक्याच्या टोकावर, दुसरी ढुंगणाच्या टोकावर. हाता-पायांचे अंकुर त्यात धरायचे नाहीत. मोजमाप तीनदा घेऊन सरासरी काढतात. आठव्या आठवड्यात ही लांबी साधारण १६ मिलिमीटर असते, दहाव्यात ३२ च्या आसपास आणि बाराव्यात ५४ च्या आसपास. या काळात गर्भ दिवसाला एक ते दीड मिलिमीटर वाढतो, आणि आई सधन असो की गरीब, उंच असो की बुटकी, वाढीचा वेग जवळपास सारखा राहतो. मिलिमीटरवरून दिवस सांगता येतात ते या सारखेपणामुळे. लांबी ८४ मिलिमीटरच्या पुढे गेली, म्हणजे चौदावा आठवडा आला, की मग डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी यांकडे वळावे लागते.

फार घाई करूनही चालत नाही. पाचव्या आठवड्यात नुसती गर्भपिशवी दिसते. हृदयाचे ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. पाळीच्या हिशेबाने सात आठवडे झालेत आणि पडद्यावर रिकामी पिशवी दिसते, तेव्हा घरच्यांचा धीर सुटतो. पण बीज दहा दिवस उशिरा सुटले असेल तर ते चित्र अगदी योग्य असते. म्हणूनच तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ मध्ये कडक निकष मांडले: गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असूनही ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ नसेल, तरच एका तपासणीवरून गर्भ टिकला नाही असे म्हणावे. त्याच्या अलीकडे असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाहावे. हवेसे असलेले गर्भ केवळ तारखेच्या गैरसमजातून पाडले जाऊ नयेत, यासाठी हा संयम.

पाळीची तारीख आणि सोनोग्राफीची तारीख जुळली नाही तर कोणती धरायची? अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये याचे नेमके आकडे दिले. नऊ आठवडे पूर्ण होण्याआधी पाच दिवसांहून अधिक फरक असेल, तर तारीख सोनोग्राफीची. त्यानंतर सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत ही मर्यादा सात दिवसांची, बावीस पूर्ण होईपर्यंत दहा दिवसांची, अठ्ठावीस पूर्ण होईपर्यंत चौदा दिवसांची, आणि पुढे एकवीस दिवसांची. फरक या मर्यादेत असेल तर पाळीची तारीख कायम राहते. आकडे वाढत जातात, त्याचा अर्थ उघड आहे: तपासणीला जितका उशीर, तितकी तिच्या सांगण्यातली चूक मोठी.

ही गोष्ट घरच्यांना सर्वांत कमी समजावून सांगितली जाते. आठव्या महिन्याच्या रिपोर्टवर नवी तारीख छापून येते आणि 'तारीख बदलली' म्हणून घरात गोंधळ उडतो. यंत्र त्या दिवशी बाळाचा आकार मोजते आणि त्या आकाराचे सरासरी बाळ किती वयाचे असते ते छापते. दहावीच्या वर्गात एकाच वयाची मुले उंचीने सारखी नसतात, तशीच आठव्या महिन्यातली बाळेही नसतात. पहिल्या तिमाहीत ठरलेली तारीख पुढच्या रिपोर्टवरून बदलायची नसते. बाळ त्या तारखेच्या मानाने लहान दिसत असेल, तर वाढ का कमी आहे ते शोधायचे असते. तारीख पुढे ढकलली, की अशक्त बाळ कागदावर ठीक दिसू लागते आणि दुखणे झाकले जाते.

आकारावरून वय सांगणारी सूत्रे कोणत्या बाळांवरून बनली, हाही प्रश्न आहे. जगभर वापरले जाणारे हॅडलॉक यांचे सूत्र १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या गरोदर बायांच्या मोजमापांवरून तयार झाले. भारतीय बाळांसाठी वेगळे सूत्र काढण्याचे काम गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलात नोंदवलेल्या हजारो गरोदर बायांच्या माहितीवरून झाले. 'गर्भिणी' नावाच्या या उपक्रमात फरीदाबादची ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आणि आयआयटी मद्रास यांचा सहभाग आहे. पहिल्या तिमाहीच्या सूत्रानंतर दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठीचे सूत्र २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि प्रचलित सूत्राच्या तुलनेत त्यातली चूक जवळपास एक तृतीयांश असल्याचे संशोधकांनी मांडले. आपल्या देशात हजारो बाया पहिल्यांदा तपासणीला येतात त्याच पाचव्या-सहाव्या महिन्यात. त्यांच्यासाठी हे काम फार मोलाचे आहे.

तारखेबद्दल शंका नसते ती आयव्हीएफच्या गरोदरपणात. बीज आणि शुक्रजंतू यांचा संयोग कधी झाला ते प्रयोगशाळेला ठाऊक असते. संयोगापासून प्रसूतीपर्यंत २६६ दिवस धरतात. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर त्या दिवसापासून २६१. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हापासून असा नेमका हिशेब महाराष्ट्रातही होत आला आहे.

बाकीच्या सगळ्यांसाठी तारीख आठवडा-दोन आठवड्यांनी चुकल्याने काय बिघडते? बाळाच्या मानेमागच्या पाण्याची तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या मधेच करता येते. ती वेळ हुकली की परत मिळत नाही. कळा लवकर सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात ती मुख्यतः २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर दोष आढळलेल्या मुंबईच्या एका जोडप्याला २००८ मध्ये, जुनी २० आठवड्यांची मर्यादा ओलांडली गेल्यामुळे, उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले होते आणि परवानगी मिळाली नव्हती. कायद्यापुढे एकेक आठवड्याला वजन असते.

सिझेरियनचा दिवस मुहूर्त पाहून ठरवण्याची चाल वाढते आहे, तिथे तर तारखेची चूक थेट बाळाच्या श्वासावर येते. तातडीचे कारण नसेल तर ठरवून करायचे सिझेरियन ३९ आठवड्यांआधी करू नये, असे प्रसूतिशास्त्र सांगते. घरोघरी हिशेब वेगळाच चालतो. चार आठवड्यांचा महिना धरला जातो आणि ३६ आठवडे होताच 'नऊ भरले' म्हणतात. ३६ आठवडे म्हणजे २५२ दिवस, म्हणजेच आठ महिने आणि आठ-नऊ दिवस. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले बाळ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येने अपुऱ्या दिवसांचे. त्यात तारीखच दोन आठवडे चुकलेली असेल, तर चांगल्या मुहूर्तावर जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येते.

तारीख अगदी बिनचूक ठरली, तरी बाळ त्या दिवशी येईल असे नाही. उत्तर कॅरोलायनातल्या स्त्रियांच्या लघवीतल्या संप्रेरकांवरून बीज सुटण्याचा दिवस नक्की करून १२५ गरोदरपणांचा अभ्यास झाला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अपुऱ्या दिवसांची बाळे वगळली, तरी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त काळ यांत ३७ दिवसांचे अंतर निघाले. १९९० च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिलटकरणींना नेगेलेंच्या नियमापेक्षा सरासरी आठ दिवस जास्त लागले होते, आधी बाळंत झालेल्यांना तीन दिवस. म्हणून 'तारीख उलटली, अजून कळा कशा नाहीत' असे फोन करून करून विचारणाऱ्या नातेवाइकांनी थोडे थांबायला हवे. ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंतची वाट डॉक्टरांच्या नजरेखाली पाहता येते. त्यापुढे मात्र वार थकू लागते आणि बाळाला धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्या टप्प्यावर कळा सुरू करण्याचा सल्ला देते. तो सल्ला पाळायचा तर ४१ आठवडे खरोखर भरलेत की नाही हे आधी ठाऊक असावे लागते, आणि ते पहिल्या तिमाहीतच ठरलेले असते.

महाराष्ट्रात सोनोग्राफी हा शब्द दुसऱ्या एका दुखऱ्या इतिहासाशी जोडलेला आहे. गर्भलिंग तपासणीवर बंधने घालणारा देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आजही प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी 'एफ' फॉर्म भरला जातो आणि मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहे. या धाकामुळे काही घरांत सोनोग्राफीलाच नको म्हटले जाते. वय ठरवण्यासाठीची तपासणी पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि तिच्या काळात, म्हणजे आठव्या ते बाराव्या आठवड्यात, लिंग नीट ओळखूही येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी असावी असे म्हटले आहे. ती जितकी अलीकडे, तितकी तारखेसाठी चांगली.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात पाळीचे चक्र आणि ते नोंदवण्याच्या पद्धती आहेत. अनियमित पाळी असलेल्यांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. दुसरा भाग पहिल्या सोनोग्राफीचा: रिपोर्टवरचा प्रत्येक आकडा काय सांगतो, आणि डॉक्टरांना काय विचारावे. तिसऱ्या भागात तारखेवरून ठरणाऱ्या तपासण्या, रजा आणि सरकारी योजना आठवडावार दिल्या आहेत. चौथा भाग सासू, आई आणि नवरा यांच्यासाठी आहे, कारण तारखेचा ताण बहुधा तेच वाढवतात आणि हलकाही तेच करू शकतात. अखेरच्या पानावर बारा महिन्यांचा कोरा तक्ता छापला आहे. पाळी आली तो पहिला दिवस त्यात दर महिन्याला लिहावा आणि दिवस राहिले, की ते पान फाडून पहिल्या तपासणीला सोबत न्यावे.